डावा तळहात

फोन आला तेव्हा सिद्धम्मा गच्चीवर वाळलेल्या कुरडया उचलत होती. पलीकडची मुलगी इतकी अदबीनं बोलत होती की सिद्धम्माला वाटलं, बँकेचाच असणार. ती फोन ठेवूनच देणार होती, तेवढ्यात त्या मुलीनं मंजुश्रीचं नाव घेतलं.

मुलीचं नाव मालविका. लातूरच्या एका ट्रस्टच्या छोट्या संग्रहालयात ती कामाला होती. म्हणाली, "आम्ही महिनाभर दर शनिवारी स्पेनमधल्या आणि इतर देशांतल्या कलाकारांचे व्हिडिओ दाखवतोय, काकू. या शनिवारी मंजुश्रीचा एक आहे. तिकडं असताना केलेला. तुम्ही याल का?"

"त्यात ती सोता दिसती का?"

"हो, तीच आहे त्यात."

"हालती-बोलती?"

"बोलत नाही. पण हलते. श्वास घेतानासुद्धा दिसते, काकू."

आता सांगा, हे ऐकल्यावर कुठल्या आईच्या हातून कुरडया उचलल्या जातील? परात तशीच उन्हात टाकून सिद्धम्मा खाली आली आणि देवघराच्या उंबऱ्यावर बसून राहिली.

मंजू, तिची एकुलती एक लेक, परसाली स्पेनमध्ये वारली. ताप मेंदूत चढला म्हणे. इकडून पासपोर्टची धावपळ सुरू होईपर्यंत तिकडं सगळं आटोपलं होतं. तिच्याबरोबरच्या पोरींनी जे जमेल ते मनापासून केलं, त्यांना बोल लावायला जागा नाही. पण लिंगायताचं माणूस गेलं तर त्याला बसवून मूठमाती देतात आणि डाव्या तळहातावर त्याचं इष्टलिंग ठेवतात. जन्मल्यावर गळ्यात बांधलेलं लिंग शेवटी हातात घेऊन माणूस जातं. मंजूला निजवून पुरलं. अन् लिंग द्यायचं म्हटलं तरी तिच्यापाशी ते होतंच कुठं?

ते होतं तिच्या बापापाशी.

गुरुबसप्पाचं उदगीरला कापडाचं दुकान. माणूस वाईट नव्हे हो, गिऱ्हाइकाशी दिवसभर गोड बोलणार, पण घरात पाऊल टाकलं की याचा आवाज चढलाच. मंजू पुण्याला चित्रकला शिकत होती. एका सुट्टीत आली ती कॅमेरा घेऊनच. सकाळी न्हाऊन पूजेला बसली, डाव्या तळहातावर लिंग घेतलं, आणि समोर तो कॅमेरा चालू. गुरुबसप्पानं दारातून पाहिलं. त्यांच्या घरात लिंग परक्याला दाखवत नसत. सख्ख्या जावयानंही सासऱ्याच्या गळ्यातलं लिंग कधी पाहिलेलं नसायचं.

"देव काय तमाशा हाय का, लोकाला दाखवायला?"

"अप्पा, माझी पूजा हाय ही. मी मलाच बघून राहिले."

एवढंच बोलली पोर. त्यानं पुढं होऊन लिंग उचललं, गळ्यातल्या शिवदाराला हिसका दिला, दोरा तुटला. मंजूच्या मानेवर लाल वळ उठला. "दाखवायचंय ना तुला? मग ह्याच्याबिगर दाखव!" असं म्हणून तो तसाच दुकानाला निघून गेला. सिद्धम्मा तव्यासमोर उभी होती. तिनं मधे पडायला पाहिजे होतं, पण ती पडली नाही. ती त्याला घाबरायची, दुसरं काय! मंजू त्याच संध्याकाळी गेली, पुण्याहून पुढं स्पेनला गेली. आईला चोरून फोन करायची. त्या फोनवर लिंगाचं नाव दोघींनीही कधी काढलं नाही.

ती वारल्याचं कळलं त्यानंतर गुरुबसप्पाच्या गळ्यात दोन शिवदार दिसायला लागले. सिद्धम्मानं पाहिलं, आणि एका शब्दानं विचारलं नाही. आता कशाला घालतोस मेल्या, असं मनात यायचं. तोंडानं ती फक्त पाणी तापलंय, जेवायला वाढलंय एवढंच बोलायची.

शनिवारी ती एकटीच निघाली होती. पायात चपला घालते तर हा धोतर नेसून, टोपी घालून ओट्यावर उभा.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"त्या बाईनं दुकानात बी फोन केलता."

"दुकान?"

"बंद ठेवलं."

लग्नसराईत शनिवारी दुकान बंद! सिद्धम्मानं त्याच्याकडं एकदा पाहिलं आणि पुढं झाली. एसटीत ती खिडकीशी बसली, तो पलीकडच्या बाकावर. लातूर येईपर्यंत त्याचा हात सदऱ्यावरून छातीपाशीच होता.

संग्रहालय म्हणजे खाली वीरगळ, निजामाच्या वेळची नाणी, जुनी मापं, आणि वर एक लांबडी खोली. खिडक्यांना काळं कापड लावलेलं, खुर्च्या मांडलेल्या, मागं प्रोजेक्टर, समोर चुन्यानं रंगवलेली भिंत. मालविकानं दोघांना पुढच्या रांगेत बसवलं. दहा-वीस माणसं असतील, बहुतेक कॉलेजातली.

पहिला व्हिडिओ सुरू झाला. कुणी एक म्हातारा बैलांच्या झुंजीचं रिकामं मैदान झाडत होता. झाडतोय, झाडतोय, झाडतोयच. त्यानंतर एका बाईच्या धुण्याच्या मशीनमध्ये समुद्र फिरत होता. मागं एक गृहस्थ शेजाऱ्याला विचारत होते, "पिक्चर कधी चालू होणार हो?" एरवी सिद्धम्मा खुदकन हसली असती. आज तिचा जीव नुसता टांगणीला लागला होता.

आणि मग भिंतीवर मंजू आली.

एवढी मोठी! ओले केस पाठीवर सोडलेले, कपाळाला विभूती, मांडी घालून बसलेली. मागं परक्या गावाची खिडकी. किती वाळली गं बाई, सिद्धम्माच्या मनात पहिलं हेच आलं. मंजूनं डावा हात छातीशी आणला, तळहात उघडला. तळहातावर काही नव्हतं.

त्या रिकाम्या तळहाताला तिनं उजव्या हातानं विभूती लावली, म्हणजे तळहाताच्या वर, जिथं लिंग असायला पाहिजे तिथं, हवेला. पाणी घातलं, ते बोटांतून खाली सांडलं. फूल वाहिलं, ते लिंगावर टेकायचं ते थेट तळव्यावर पडलं. मग ती बघत बसली. ओठ हलत होते, पापणी लवत नव्हती. तिची छाती वर-खाली होत होती. शेवटी तिनं तळहात डोळ्यांना लावला, मूठ मिटली आणि ती मूठ गळ्यापाशी नेली. मानेवर दोरा नव्हता. भिंत पांढरी झाली.

दिवे लागले. मालविका पुढं येऊन सांगायला लागली, की हा रिकामा हात म्हणजे घर सोडून गेलेल्या माणसाचं मागणं आहे. असेलही, ती शिकलेली पोर होती, मायेनंच बोलत होती. पण सिद्धम्माला कळायचं ते कळलं होतं. पोरीनं बापाचा शब्द पाळला होता. ह्याच्याबिगर दाखव म्हणाला, तिनं त्याच्याबिगर दाखवलं. पूजा मात्र सोडली नव्हती. माझं गुणाचं लेकरू गं! सिद्धम्मानं पदराचा बोळा तोंडात कोंबला.

शेजारी गुरुबसप्पा ताठ बसून होता. त्याचे गाल ओले होते, आणि ते पुसायचंही त्याला सुचत नव्हतं.

"बाई," सिद्धम्मा मालविकाला म्हणाली, "अजून एकदा लावशील का? एकदाच."

मालविकानं दोघांकडं पाहिलं. ती मागं प्रोजेक्टरपाशी गेली. दिवे विझले.

मंजू पुन्हा आली. आता सिद्धम्माला पुढचं माहीत होतं, त्यामुळं ती नुसतं तोंड बघत होती. हनुवटीवरचा तीळ. डाव्या भुवईत लहानपणी पडल्याची खूण. विभूती झाली, पाणी झालं, फूल झालं. मंजू बघत बसली.

तेव्हा गुरुबसप्पा उठला. सदऱ्यात हात घालून त्यानं दुसरा शिवदार डोक्यावरून काढला, चांदीच्या डबीतून लिंग बाहेर घेतलं. इतक्या परक्या माणसांसमोर, उघड्यावर, त्यानं ते दोन्ही हातांत धरलं आणि भिंतीकडं चालायला लागला.

"घे माय," तो म्हणत होता. "घे. तुझं तू घे."

पण प्रोजेक्टर मागं होता. जसा तो भिंतीजवळ गेला तशी त्याची सावली आधी मंजूच्या गुडघ्यावर पडली, मग हातावर, मग तोंडावर. त्यानं लिंग पुढं केलं तिथं तळहातच उरला नाही, नुसता काळोख. तो डावीकडं हात नेई, सावली तिकडं जाई. उजवीकडं नेई, तिकडं. भिंतीला हात लावून तो चाचपत राहिला.

"कुठं गेला गं हात? मंजू, हात कर की!"

सिद्धम्मा खुर्चीतून उठली. त्या सकाळी तव्यासमोर जे तोंडातून फुटलं नव्हतं, ते आता फुटलं.

"मधून सरका तुम्ही!" ती ओरडली. "सरका की हो! लेकरू दिसंना मला!"

गुरुबसप्पा दचकून बाजूला झाला. भिंतीवर मंजूनं मूठ मिटली होती.