किल्ली काढली तरी वर

मित्रांनो, गाडीच्या पुढच्या चाकावरच्या पत्र्यातून डोकं वर काढणारी चकचकीत दांडी तुम्ही पाहिली असेल. मी तोच, एका जुन्या गाडीचा मोटरवर चालणारा अँटेना. रेडिओ लागला की घर्रर्र करत वर यायचं, बंद झाला की मुकाट्याने खाली जायचं, हे माझं काम. पंधरा वर्षांत एकदाही चुकलो नाही. येणारेजाणारे थांबून बघायचे. मला त्याचा गर्व होता, आणि का नसावा?

मग जुना रेडिओ बिघडला आणि नवा आला. सारखे दिवे लुकलुकवणारा. मला तो पहिल्यापासून पटला नाही. त्याहून पटला नाही तो वायरिंगवाला. दातांनी वायर सोलायचा. टेस्टर खिशात, पण हात तिकडे जाईल तर शपथ! माझी वायर नव्या रेडिओच्या निळ्या वायरला जोडायची होती, म्हणजे रेडिओ चालू असेल तेव्हाच मला वीज. या पठ्ठ्याने ती पिवळीला पिळली. पिवळीत वीज कायम असते, किल्ली काढली तरी. मी वर गेलो तो वरच राहिलो.

"बघा कसा ताठ उभाय!" म्हणत त्याने टेप गुंडाळली.

घरच्या मोठ्या बाईंना एवढंच ठाऊक होतं की अँटेना वर म्हणजे कोणीतरी गाणी ऐकतंय. दुसऱ्याच दिवशी त्यांनी ड्रायव्हरला गाठलं. बारा वर्षं गाडी चालवत होता बिचारा.

"काय हो, माझी पाठ वळली की मैफल सुरू?"

"बाई, मी रेडिओ बंद करूनच उतरलो."

"मग हा काय वाऱ्याने वर आला?"

तिसऱ्या दिवशी बॅटरी उतरली आणि गाडी धक्का मारून सुरू करावी लागली. झालं! बाईंनी किल्ली काढून घेतली आणि कमरेला खोचली. सकाळी पाहतात तर मी वरच. आता तरी शंका फिटावी की नाही? छे!

"दुसरी किल्ली करून घेतलीय त्याने," त्या त्याच्यादेखत सुनेला म्हणाल्या, आणि ड्रायव्हरला सांगून टाकलं, "एक तारखेपासून येऊ नका."

"बारा वर्षांत गाडीला ओरखडा नाही, बाई."

"ओरखडा दिसतो. लबाडी दिसत नाही."

मला बोलता येत असतं तर तिथेच ओरडलो असतो.

त्याला रंगेहाथ पकडायचं म्हणून एका दुपारी बाई विणकाम घेऊन गाडीच्या मागच्या सीटवर दबा धरून बसल्या. तास गेला, दोन तास गेले. ड्रायव्हर समोरच्या पायरीवर पेपर वाचत होता, जागचा हलला नाही. कोणी आलं नाही, कोणी गेलं नाही. बाईंनी पुढे वाकून रेडिओला कान लावला. शुकशुकाट. मग काचेतून माझ्याकडे पाहिलं.

"अगं बाई! हा मुका, मग तो कोणासाठी उभा?"

ड्रायव्हरलाच गाडी काढायला लावून त्या थेट वायरिंगवाल्याकडे गेल्या. त्याने रेडिओ बाहेर ओढला, पिवळीचा पीळ सोडवून मला निळीला जोडलं, आणि मी सरसर खाली आलो.

"हात्तिच्या, एवढंच होय!" तो हसला.

"एवढंच?" बाई कडाडल्या. "तुझ्या एवढ्यापायी मी एका माणसाला लबाड म्हटलं!"

त्यांनी ड्रायव्हरपुढे किल्ली धरली. "चुकलं माझं. तारीखबिरीख काही नाही, कामावर यायचं. घ्या."

त्याने हात पुढे केला नाही. "आधी ती दुसरी किल्ली सापडू द्या, बाई."

बाईंची मान खाली गेलेली मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. मग त्याने किल्ली घेतली.

मित्रांनो, दांडी पुसाल तर कोरड्या फडक्याने पुसा, आणि वायर जोडण्याआधी टेस्टर लावा. माणसावर बोट रोखण्याआधी मात्र निदान एक दुपार स्वतः बसून बघा. माझ्या वायरची चूक पाच मिनिटांत दुरुस्त झाली. ड्रायव्हर मात्र आजही रेडिओ बंद केला की माझ्याजवळ येऊन उभा राहतो. माझं टोक पत्र्यात पूर्ण बसेपर्यंत हलत नाही. मग घराकडे तोंड करून हाक देतो, "उतरला बघा, बाई!"

त्याला तसं करायला कोणी सांगितलेलं नाही.