जिन्याखालची मोकळी केबल

उत्कर्षाचे पणजोबा पोपट रेल्वेमार्गालगत तारेचे खांब उभे करीत. त्यांचे चिरंजीव दशरथ सायकलवरून घरोघरी तारा पोहोचवीत. दशरथांचे चिरंजीव संपत, म्हणजे माझे यजमान, टेलिफोन खात्यात जमिनीखालच्या केबली जोडीत. तीन पिढ्या दुसऱ्यांचे निरोप वाहण्यात गेल्या. माझी मुलगी उत्कर्षा ही त्या घराण्यातली पहिली डॉक्टर. स्कॅन पाहून रोग ओळखणे हे तिचे काम. बिबवेवाडीतल्या आमच्या घराच्या सर्वांत वरच्या खोलीत बसून ती लहान गावांतल्या रुग्णालयांचे स्कॅन वर्षानुवर्षे तपासत आली.

घर बांधताना यजमानांनी प्रत्येक मजल्यावर भिंतीतून दोन-दोन केबली नेल्या. "एक रुसली तर दुसरी," असे ते म्हणत. गेल्या वर्षी समाधान नावाच्या तंत्रज्ञाने त्यांचाच उपयोग करून घेतला. भिंती जाड, वायफायचा एक डबा तीन मजल्यांना पुरेना. म्हणून त्याने प्रत्येक मजल्यावर एकेक पांढरा डबा ठेवला आणि तिन्ही डबे केबलींनी एकमेकांशी जोडले. सगळ्या केबली जिन्याखालच्या कपाटात एका छोट्या खोक्यापाशी येतात. त्याला स्विच म्हणतात. सर्वांत वरच्या डब्यात त्याने दोन्ही केबली जोडून ठेवल्या. खाली मात्र त्यांतली एकच स्विचमध्ये खोचली आणि दुसरीचे टोक मोकळे सोडले. पहिली बिघडलीच तर खालच्या खाली बदलता यावी, एवढाच त्याचा हेतू.

ते मोकळे टोक मला मुळीच आवडत नसे. चौतीस वर्षे मी सरकारी रुग्णालयात काम केले, त्यांतली शेवटची अकरा मेट्रन म्हणून. माझ्या वॉर्डात नळी एक तर रुग्णाला लावलेली असे किंवा कचऱ्यात गेलेली असे. लोंबती नळी दिसली की त्या पाळीच्या नर्सला जाब द्यावा लागे. त्या सोमवारी सकाळी उत्कर्षा आंघोळीला गेली असताना मी वॉकर धरून कपाटापर्यंत गेले, धूळ पुसली, आणि ते टोक स्विचच्या रिकाम्या छिद्रात बसवून टाकले. कपाट नीटनेटके दिसू लागले. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर चार महिने खुर्ची आणि पलंग यांच्यामध्ये अडकलेल्या बाईला तेवढेही समाधान पुष्कळ होते.

"आई, नेट गेलं!" उत्कर्षा धडधडत जिना उतरली. दहा वाजून दहा मिनिटे झाली होती.

"ओरडल्याने येत असेल तर मीही ओरडते."

"अकराला माझी परीक्षा आहे गं! आठ वाजता सगळं तपासलं होतं मी."

चेन्नईच्या एका मोठ्या रुग्णालयात कर्करोग विभागाची जागा निघाली होती. शेवटच्या फेरीत तिला घरूनच, नेटवरून, तासभर स्कॅन वाचून दाखवायचे होते. निवड त्याच दिवशी संपणार होती.

तिने समाधानला फोन लावला आणि आवाज मोठा केला. मुलगा वाशीमचा, कामाचा पक्का.

"मॅडम, मी वारज्यात एका गच्चीवर आहे. काही केलं तरी बारा वाजतात मले."

"बारा म्हणजे संपलंच रे सगळं."

"थांबा, फोनवरच पाहू. आधी मेन डबा बंद करून चालू करा."

तिने केले. अर्धे मिनिट नेट आले आणि पुन्हा गेले.

"आता जिन्याखालचं कपाट उघडा. स्विचचे दिवे कसे लागतात?"

"सगळे एकदम लुकलुकतायत. वेड लागल्यासारखे."

"मंग लूप आहे, मॅडम. एका जागी जायला दोन वाटा झाल्या की असं होते. निरोप एका केबलीतून वर जाते, दुसरीतून खाली येते, परत वर जाते. फिरतच राहाते. त्याच्या इतक्या नकला होतात, का खऱ्या निरोपाले जागाच उरत नाही. आज कोणी केबल जोडली का तिथं?"

उत्कर्षाने कपाटाच्या दारातून मान वळवली. "आई, इथे कोणी हात लावला का?"

मला त्याच क्षणी सगळे समजले. आणि मी म्हणाले, "कोण लावणार?"

"झाडू मारताना राधाने?"

"राधा आज कामाला आलेलीच नाही."

"नाही रे, समाधान. आई म्हणतेय, कोणी हात नाही लावला."

"आजी म्हणतात म्हणजे नसंलच लावला," तो म्हणाला. "केबल काय आपल्या पायानं चालत जाऊन बसते? मंग राउटरच गेला. मी नवा घेऊन येतो."

"एकेक केबल काढून पाहू का?"

"जोडणी बदललीच नाही, तर काढून काय सापडणार? उगीच दुसरं काही सुटंल, मॅडम."

दिवे डोळ्यांपुढे साक्ष देत होते. पण माझ्या शब्दापुढे त्यांची साक्ष कोणी मानली नाही. मी चुकले, हे वाक्य या घरात माझ्या तोंडून कोणी कधी ऐकलेच नव्हते.

मोबाईलच्या नेटवर तिने नमुन्याचा एक स्कॅन उघडून पाहिला. पाचशे प्रतिमांतल्या नऊ उघडल्या. दहा पस्तीसला ती खाली आली आणि जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसली.

"कळवून टाकते त्यांना. जमत नाही म्हणून."

"दुसरी वेळ देतील."

"नाही देणार." ती हसली. "चल, बरंच झालं. तुझ्या गोळ्या कोणाला समजावून सांगायच्या, तोही प्रश्न मिटला."

ती मोबाईलमध्ये नंबर शोधू लागली. मी खुर्चीत होते. समोर खिडकीचे गज, डावीकडे भिंतीशी टेकवलेला वॉकर, उजवीकडे जिना; चार महिन्यांत मी त्याची पहिली पायरीही चढले नव्हते. आता फक्त पंचवीस मिनिटे गप्प बसायचे होते. बारा वाजता समाधान येईल, त्याला ती केबल सापडेल, तोवर अकरा वाजून गेलेले असतील. मग मी रागवावे. या घरात मी रागावले की प्रश्न संपतात. आणि मुलगी इथेच राहील.

पण केबल खोचली तेव्हा मला काही ठाऊक नव्हते. आता होते. चुकीतून बाहेर पडता येते. त्या पंचवीस मिनिटांतून मला बाहेर पडता येत नव्हते. मान खाली घातलेल्या उत्कर्षाच्या भांगात पांढरे केस दिसत होते. ते मी रोज पाहत असे. मोजायला मात्र त्या दिवशी लागले.

बारा वर्षांपूर्वी तिला दिल्लीला पुढच्या शिक्षणाची जागा मिळाली होती. त्याच महिन्यात यजमानांना अर्धांगाचा झटका आला. मी तिला म्हणाले होते, "दोन वर्षं थांब. मग मी स्वतः तुला गाडीत बसवून देईन." ती थांबली. यजमान पाच वर्षांनी गेले. मग माझा रक्तदाब, मग माझे गुडघे. मुदत कधी संपली, हे तिने कधी विचारले नाही आणि मी कधी सांगितले नाही.

तिने फोन कानाला लावला.

"फोन ठेव."

"आई, आता उपदेश नको हं."

"उपदेश नाही. वॉकर दे इकडे."

कपाटापर्यंत अकरा पावले होती. केबलीच्या टोकाला प्लॅस्टिकची बारीक जीभ असते. ती दाबल्याशिवाय टोक सुटत नाही. माझी बोटे दोनदा घसरली. तिसऱ्यांदा टोक हातात आले. दिवे क्षणभर विझले, मग एकेक करून लागले आणि आपापल्या गतीने शांत लुकलुकू लागले.

"ही... ही कोणी लावली होती?"

"मी. नऊ वाजता. टोक लोंबत होते म्हणून."

"अगं, मग मी विचारलं तेव्हा आठवलं नाही का तुला?"

"आठवले होते."

ती माझ्याकडे पाहत राहिली. वॉर्डातल्या कोणत्याही नर्सने माझ्या नजरेला इतका वेळ नजर दिली नव्हती.

"अकरा वाजून जावेत, असे मला वाटत होते," मी म्हणाले. "तू जाऊ नयेस म्हणून. मी चुकले, उत्कर्षा."

"आई, तू..."

"भांडण दुपारी. तेवीस... नाही, बावीस मिनिटे आहेत. वर जा."

ती गेली. दोन-दोन पायऱ्या चढत गेली.

बारा वाजता समाधान नवा राउटर काखेत मारून आला. चूक माझी होती आणि मी खोटे बोलले होते, असे मी त्याला सांगितले. त्याने दोनदा चहा घेतला आणि त्या मोकळ्या टोकावर चिकटपट्टी गुंडाळून तो गेला. दुपारचे भांडण खरोखरच झाले. दोन तास झाले, आणि त्यात मी उलट उत्तर दिले नाही.

नेमणुकीचे पत्र शुक्रवारी आले. त्याआधीच मी माझ्या हाताखाली शिकलेल्या हेमा नर्सला बोलावून तिची खालच्या खोलीत राहण्याची सोय केली होती. गोळ्यांचा तक्ता तिने पाच मिनिटांत पाठ केला. तरी उत्कर्षा पत्र हातात घेऊन माझ्या पलंगाशी घुटमळली.

"त्यांच्याकडे दोन पर्याय आहेत, आई. एक वर्षाचा करार किंवा कायमची नेमणूक. मी वर्षाचाच घेते. म्हणजे मग तुझं..."

"कायमची घे."

"बघ हं. नंतर बोलशील."

"नंतर बोलायला तू इथे असशील कुठे?"

जूनमधल्या एका सकाळी हेमाने मला चाकांच्या खुर्चीतून पुणे स्टेशनवर नेले. उत्कर्षा नको नको म्हणत होती. मी ऐकले नाही. डब्याच्या दारापाशी मी खुर्चीतून उठले, वॉकरवर एक हात ठेवला, दुसऱ्या हाताने तिची पिशवी आत सरकवली, आणि तिचा दंड धरून तिला वर चढवले. गाडी हलेपर्यंत मी उभीच होते.