तिला सांगितलंस, मला नाही

पश्चिम फिलाडेल्फियातल्या शाळांमध्ये काळ्या लोकांचा इतिहास शिकवणाऱ्या कुणालाही विचारलं असतं, तर व्हर्नेल टिस्डेलचं नाव त्याच्या तोंडी आलं असतं. शाळा उघडायच्या आधी, ऑगस्टात, या विषयाच्या शिक्षकांचं प्रशिक्षण भरे, आणि ते वर्षानुवर्षं व्हर्नेलच घेत आली होती. ती बोलायला लागली की टाचणी पडली तरी ऐकू यावी. या वर्षी मात्र तिला आमंत्रण आलं ते शिकायला येणाऱ्यांत. शिकवणार होती डेल्फीन आस्क्यू.

डेल्फीन! तिशीही नीट न ओलांडलेली पोरगी. तिने शिक्षिकेचा पहिला उमेदवारीचा काळ व्हर्नेलच्याच वर्गात काढला होता. खडू कसा धरावा इथपासून व्हर्नेलने तिला शिकवलं होतं. आता ती विद्यापीठातून मोठी पदवी घेऊन आली होती.

"चांगलं झालं की," व्हर्नेलची आई अर्लीन म्हणाली. ती पोर्चवरच्या खुर्चीत बसून शेंगा सोलत होती. "तुलाही जरा बसायला मिळेल."

"मला बसायचं नाहीये, ममा."

"तेच म्हणते मी. बसायचं तुला कधी जमलंच नाही."

पहिल्या दिवशी व्हर्नेल मुद्दाम उशिरा गेली आणि अगदी मागच्या रांगेत, दाराजवळ बसली. पुढे डेल्फीन पिवळा झगा घालून उभी होती, केसांच्या बारीक वेण्या वर बांधलेल्या. ती फार बोलत नव्हती, नुसती विचारत होती आणि गप्प उभी राहत होती. शिक्षक आपापसांत वाद घालत होते, हसत होते. एका शिक्षकाचे तर बोलता बोलता डोळे भरून आले. व्हर्नेलच्या प्रशिक्षणात कधी कुणी रडलं नव्हतं. लोक लिहून घ्यायचे.

"छान घेते ना?" शेजारचा थुलथुलीत शिक्षक, मिस्टर ग्रिग्ज, कुजबुजला. "खरं सांगू? पहिल्यांदाच मला झोप आली नाही." मग आपण कुणापाशी बोललो ते ध्यानात येऊन त्याने जीभ चावली. "तुमच्या वेळची गोष्ट वेगळी हं, मिस टिस्डेल."

"वेगळीच असणार," व्हर्नेल म्हणाली. "मी झोपलेल्यांना उठवत नव्हते."

जेवणाच्या सुट्टीत डेल्फीन स्वतःहून तिच्यापाशी आली. "मिस टिस्डेल, तुम्ही आलात, मला किती बरं वाटलं! काही चुकत असेल तर सांगा."

"चुकायला काही सांगतेस कुठे तू? नुसती विचारतेस."

डेल्फीन हसली. तिला ती कौतुकाची थाप वाटली. त्या हसण्यानेच व्हर्नेलच्या अंगाचा तिळपापड झाला.

दुसऱ्या दिवशीचा विषय होता एकोणीसशे सदुसष्टच्या नोव्हेंबरचा मोर्चा. शहरातली हजारो काळी पोरं त्या दिवशी वर्ग सोडून शिक्षण मंडळाच्या इमारतीवर गेली होती. आमचा इतिहास आम्हाला शिकवा, एवढंच त्यांचं मागणं होतं. पोलीस दंडुके घेऊन त्यांच्यावर तुटून पडले. हा धडा म्हणजे व्हर्नेलचा प्राण. त्या पोरांचे फोटो तिच्या वर्गाच्या भिंतीवर होते. ती खुर्चीत सावरून बसली. आता बघू, म्हणाली मनात, किती येतं हिला.

डेल्फीन म्हणाली, "मी काही सांगणार नाही. चर्चमध्ये म्हाताऱ्या माणसांचं जेवण असतं, तिथे मी वर्षभर जाते, त्यांच्याशी बोलते. त्यातल्या एक आजी त्या मोर्चात होत्या. नाव सांगायचं नाही, आणि अर्धंच ऐकवायचं, असं त्यांनी बजावलंय. तेवढं ऐका."

तिने टेबलावरचं रेकॉर्डिंगचं यंत्र सुरू केलं.

"थंडी मरणाची होती," एक आवाज म्हणाला. "आणि मी कोट घरीच ठेवलेला. नवीन स्वेटर होता ना, दिसायला नको?"

व्हर्नेलच्या हातातला कॉफीचा कप तसाच राहिला. तो आवाज ती जन्मापासून ऐकत होती. 'स्वेटर' म्हणताना तो असाच अडखळे.

तिची आई सांगत होती. रोझेटा नावाच्या मैत्रिणीचा हात धरून ती कशी चालली, रस्त्यात दुकानदार कसे बाहेर येऊन बघत राहिले, आणि पोरं गात होती तेव्हा तिला कसं वाटलं की आज आपल्याला कुणी हात लावू शकत नाही. तिथेच डेल्फीनने यंत्र बंद केलं. मिस्टर ग्रिग्ज नाक शिंकरत होता.

व्हर्नेलने तो धडा किती वेळा शिकवला होता! आणि तिच्या घरात, तिच्याच टेबलापाशी बसून रोज रात्रीचं जेवण जेवणाऱ्या बाईने एका शब्दाने कधी सांगितलं नव्हतं. सांगितलं ते या पिवळ्या झग्याला.

सगळे बाहेर गेल्यावर ती डेल्फीनसमोर उभी राहिली. "पुढचं ऐकव मला."

"नाही ऐकवता येणार. त्यांना शब्द दिलाय."

"ती माझी आई आहे."

डेल्फीनच्या हातातले कागद खाली पडले. "मिसेस मॅकॉय? तुमच्या आई? देवाशपथ, मला माहीत नव्हतं. आडनावं वेगळी ना."

"आता कळलं ना? लाव ते."

डेल्फीनने कागदही उचलले नाहीत. ती घाबरली होती, पण तिचा हात यंत्राकडे गेला नाही. "मिस टिस्डेल, त्यांनी मला एकच गोष्ट मागितली होती. तुम्ही त्यांना विचारा ना. घरीच आहेत त्या."

माझ्या आईची गोष्ट, आणि परवानगीची किल्ली हिच्या हातात! व्हर्नेल ताडताड बाहेर पडली. पण गाडी चालवताना तिला खुपत राहिलं ते वेगळंच. आपण हिच्या जागी असतो, तर ऐकवलं असतं. हे तिला ठाऊक होतं.

अर्लीन स्वयंपाकघरात मासे तळत होती. व्हर्नेल दारातच थांबली.

"तिला सांगितलंस. मला नाही."

अर्लीनने गॅस बारीक केला. कोण 'तिला', हे तिने विचारलं नाही. "चुगली केली का तिने?"

"नाही. आवाज ओळखला मी. तिनं तर पुढचं ऐकवलंही नाही."

"गुणाची पोर आहे."

"ममा!"

"बस आधी. आणि बोलू नकोस. जमेल?"

व्हर्नेल बसली.

"मी पळाले, व्हर्नी," अर्लीन म्हणाली. "दंडुका बघितला आणि रोझेटाचा हात सोडून पळाले. ती खाली पडली. मी मागे वळून पाहिलं आणि तरी पळतच राहिले. तिच्या कपाळाला टाके पडले. मी घरी आले, स्वेटर धुतला, आणि माझ्या आईला सांगितलं की शाळेतच होते."

मासे करपायला लागले. कुणी हललं नाही.

"पण मला का नाही सांगितलंस? मी काय म्हटलं असतं तुला?"

"तू काहीच म्हटलं नसतंस. पण दर नोव्हेंबरला तू घरी येतेस, तोंड उजळलेलं, आणि म्हणतेस, ममा, त्यातलं एकही पोर मागे हटलं नाही. भिंतीवर देवासारखी बसवलीस तू त्यांना. मी काय बोलू त्यावर? ती पोर परकी. बसमध्ये शेजारी बसलेल्या बाईपाशी माणूस मन मोकळं करतोच की. उतरलो की संपलं."

व्हर्नेल रडली. पण रडतानाही तिला एक गोष्ट खुपत होतीच. परकीला का होईना, पहिल्यांदा सांगितलं ते तिलाच.

"माझ्या वर्गात येशील?" तिने डोळे पुसत विचारलं. "हे सगळं पोरांना सांगशील?"

अर्लीनने विचार केला. "येईन. पण प्रश्न डेल्फीन विचारेल. तू मध्ये मध्ये शिकवायला लागशील."

हा घास गिळायला व्हर्नेलला बरेच दिवस लागले. शेवटी तिनेच डेल्फीनला फोन केला. "आईची अट आहे," एवढंच म्हणाली.

"तुम्हाला चालेल?"

"नाही चालणार. पण ये."

नोव्हेंबरात अर्लीन आली, टोपी-बिपी घालून. डेल्फीन तिच्यासमोर बसली आणि व्हर्नेल पोरांमध्ये, एका अरुंद बाकात गुडघे कोंबून. अर्लीनने सगळं सांगितलं, पळालेलंही. वर्गात कुणी हसलं नाही. मग खिडकीजवळची एक मुलगी डेल्फीनच्या आधीच बोलली, "मग दुसऱ्या दिवशी काय झालं? रोझेटा भेटली?"

अर्लीनने टोपी सारखी केली. "आठवड्याने आली ती शाळेत, कपाळाला पट्टी बांधून. माझ्या शेजारचीच तिची जागा. मला वाटलं दुसरीकडे बसेल. ती आली, बसली, आणि म्हणाली, 'सरक, पाय ठेवायला जागा नाही.' एवढंच. त्यावर आम्ही जन्मात परत बोललो नाही. माझ्या लग्नात माझ्या शेजारी तीच उभी होती."

हे व्हर्नेलने कधी ऐकलं नव्हतं. तिने झटकन डेल्फीनकडे पाहिलं. डेल्फीनचे डोळे विस्फारले होते. तीही पहिल्यांदाच ऐकत होती. व्हर्नेलच्या मनात नीच म्हणावा असा आनंद दाटून आला, आणि तिने तो येऊ दिला. मग ती पुढे वाकली, आणि आई पुढे काय सांगते ते ऐकू लागली.