बाबाच्या पोटातला युरिया

पोलादपूरच्या वर डोंगरात माळवाडी. तिथं आख्खी वाडी देवळापुढं दाटली होती. मधोमध मातीबाबा, उघडेबंब, पोटभर हळद फासून बसलेले. पुढ्यात हळदीत भिजवलेलं फडकं.

"विष खाल्लेली जमीन रक्त ओकते!" बाबा गरजले. "आणा माती!"

मुरारी सेंद्रिय शेतीच्या गटाचा प्रमुख. गटाचा नियम असा, की सगळ्यांनी एकमेकांच्या शेतात फिरायचं, खत बघायचं, मगच सेंद्रिय मालाच्या दाखल्यावर सह्या करायच्या. पण यंदा ऊन फार, चढ त्याहून फार. मुरारीनं तपासणी बाबांवर सोपवून टाकली. बाबांनी बसल्या जागी आख्खा डोंगर उरकला. मुरारीची माती फडक्यावर चोळली, फडकं पिवळंच. गटातल्या म्हाताऱ्या चंद्राबाईची चोळली, लालभडक!

"रक्त! म्हातारीनं युरिया घातलाय!"

बाबा विकायचे ती बियाण्याची पाकिटं आख्ख्या वाडीत चंद्राबाईनंच तेवढी नाकारली होती. उताराचा भात वेगळा, पाणथळीचा वेगळा, वरच्या मुरमाड रानाला नाचणी, वरी. चौदा जातींचं बियाणं पेंढ्याच्या मुड्यांत बांधून तिनं जपलं होतं.

"गटाचा दाखला बुडवलास गो!" म्हणत गटातल्या चांगूनं तिच्या कपाळात धोंडा हाणला. कुणी झिंज्या धरल्या. चौघांनी तिच्या घरातून मुड्या ओढून आणल्या आणि पहिलीला काडी लावली. सासूनं दिलेला लाल भात तडतडू लागला, लाह्या उडाल्या. चांगूनं एक प्रसाद म्हणून तोंडात टाकली.

रक्तबंबाळ चंद्राबाई सरपटत निघाली. शेजारच्या ओट्यावर धुण्याची बादली होती, साबणाच्या फेसानं भरलेली. आग विझवायला तिनं ती भिरकावली. अर्धी मुडीवर गेली, अर्धी बाबांच्या पोटावर.

पोट लाल झालं.

मग चांगू किंचाळला, "आयला, बाबाच्या पोटात युरिया हाय!"

म्हातारीसाठी काढलेल्या चपला आता बाबांवर पडू लागल्या. एकानं दाढी ओढली, दुसऱ्यानं धोतर. कमरेची चुन्याची डबी टणकन खाली पडली, मागोमाग बाबांचे दोन दात.

चंद्राबाई मधे घुसली. "थांबा रे! मघाशी मला, आता याला! डोकी कुठं ठेवलीत?"

तिनं मुरारीच्या मातीत डबीतला चुना कालवून फडक्यावर चोळला. लाल!

"आता तू हात धू, अन् माझी दुसऱ्या कोपऱ्यावर चोळ."

मुरारीनं चोळली. कोपरा पिवळाच.

"बायांनो, हळदीचा डाग साबणानं लाल होतो, तसाच यानं बोटाला लावलेल्या चुन्यानं. रोज धुणं धुता, ठाव नाय तुमाला?"

"ठाव होतं गो," एक जण पुटपुटली. "पन बाबा म्हनाला, रक्त."

तेरा मुड्या उरल्या होत्या. चंद्राबाईनं कपाळावर पदर दाबला. "याला पोलिसांत द्या. चांगू, धोंड्याची तक्रार तुझ्यावरबी हाय. अन् मुरारी, चल माझ्या शेतात. खताचा खड्डा उकर, माती हुंग, मला हवं ते इचार. पटलं तर सही कर, नायतर नको करू. पन डोळे सोताचे वापर."

मुरारी चढाला लागला. मागून चांगू निघाला. तोंडातली लाही त्याला गिळवेना, थुंकवेना.