कॉम्प्युटरनं काढलेली स्थळं

राजारामपुरीतल्या उदयसिंहांच्या वधूवर केंद्रात २००२ साली कॉम्प्युटर आला आणि त्याच्यासोबत संग्राम आला. शिक्षण, उंची, पगार, गाव, पत्रिका यांना गुण देऊन स्थळं जुळवणारा प्रोग्राम त्यानं स्वतः लिहिला होता. लोकांना त्याचं भारी अप्रूप. पूर्वी स्थळ पसंत पडलं नाही की मंडळी उदयसिंहांशी हुज्जत घालायची. आता "कॉम्प्युटरनं काढलंय" म्हटलं की गप्प बसायची. एखादी म्हातारी तर पडद्याला नमस्कार करून मगच खुर्चीत टेकायची.

त्या प्रोग्राममध्ये एक अट मात्र उदयसिंहांनी घालायला लावली होती. बौद्ध घरातलं नाव फक्त बौद्धांनाच दाखवायचं.

"पण दादा, 'जातीची अट नाही' असं कितीतरी पोरांनी लिहून दिलंय की," संग्राम म्हणाला होता.

"लिहित्यात रं. स्थळ दारात गेलं की तोंडं वाकडी करत्यात. त्यांची पंचाईत आपण कशाला करायची?"

संग्रामनं अट घातली. एका ओळीचं काम, चहा येईपर्यंत उरकलंसुद्धा.

गडमुडशिंगीचे भाऊसो एस.टी.च्या वर्कशॉपमधून निवृत्त झाले होते. 'सर्व जातिधर्मांसाठी' ही केंद्राची पाटी वाचून त्यांनी आपल्या मुलीचं, यशोधराचं नाव घातलं. ती पुण्यात एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत होती. बापलेकीनं जातीची अट नाही असंच कळवलं होतं. केंद्रात बौद्ध मुलं नावालाच. त्यात शिकलेला एकही नाही. भाऊसो अधूनमधून येत, पडद्यावर 'योग्य स्थळ नाही' बघत आणि अदबीनं विचारत, "संग्रामराव, मशिनीला नेमकं काय खटकतंय?"

संग्रामला ठाऊक होतं. पण तोंडावर सांगणार कसं?

"नोकरी लांबची हाय न्हवं का, काका. कॉम्प्युटर अंतराचे गुण कापतोय," त्यानं ठोकून दिलं. पुढच्या खेपेला यशोधराच्या चष्म्यावर ढकललं.

दिवाळीनंतर भाऊसो यशोधराला घेऊनच आले. तिचे डोळे लालसर दिसत होते.

"पुण्याची नोकरी सोडली तिनं," भाऊसो हरखून सांगू लागले. "हितंच शाहूपुरीत एका लॅबमदी लागलीया. पगार निम्मा हाय, पर अंतर तर मिटलं! चष्मा बी काढला, लेन्सा घातल्यात. आता बघा बरं."

 संग्रामनं बटण दाबलं. योग्य स्थळ नाही.

"माझ्या नावापुढचं 'बौद्ध' काढा," यशोधरा म्हणाली. "तिथं 'मराठा' घाला. बाकी काही हलवू नका."

"तसं करता येत न्हाई, मॅडम."

"येतं. आमच्या कामात असंच तपासतात. एकच गोष्ट बदलायची आणि काय होतंय ते बघायचं."

उदयसिंह बाहेर गेले होते.  संग्रामनं शब्द बदलला. पडदा वरपासून खालपर्यंत नावांनी भरला. बँकेतला अधिकारी, इंजिनिअर, कळंब्याचा प्राध्यापक. त्यातल्या कितीजणांच्या पुढं 'जातीची अट नाही' असंच लिहिलेलं.

भाऊसो एकेक नाव वाचत राहिले. मग हळूच म्हणाले, "म्हंजे नोकरीचं कायच न्हवतं."

"होतं तसं करा," यशोधरा म्हणाली. 'बौद्ध' हा शब्द संग्रामला त्या दोघांच्या देखत पुन्हा टाइप करावा लागला. पडदा रिकामा झाला.

"तुमचा काय दोष न्हाय, संग्रामराव," भाऊसो उठता उठता म्हणाले. "मशिनच ती. कुणीतरी शिकिवलं आसंल तिला तसं."

खरं बोलायची वेळ तीच होती. संग्रामनं नुसती मान हलवली.

ते गेल्यावर त्याला बसवेना. तो धावत खाली आला. बापलेक कोपऱ्यावर वडापच्या जीपची वाट बघत उभे होते.

"काका, ते मीच शिकिवलंय," तो कसाबसा म्हणाला. "नोकरीचं, चष्म्याचं... ते पण मीच बोललो. कॉम्प्युटर न्हवं."

भाऊसो त्याच्याकडे बघेनात. गाडी येते का ते बघत राहिले.

"मला वरच कळलं होतं," यशोधरा म्हणाली. "पण आमच्या आप्पांना तुमच्यावर विश्वास ठेवायचा होता. तेवढंही तुम्ही त्यांना राहू दिलं नाहीत. आता माझं नाव काढून टाका."

संग्रामनं तिचं नाव काढलं, आणि ती अटही काढून टाकली. पंधरवड्यात एक बडे पाटील, मुलाला बौद्ध घरातलं स्थळ निघालं म्हणून, केंद्रात येऊन कागद आपटून गेले. उदयसिंहांनी आवाज चढवला नाही. "अट परत घाल, न्हायतर घरी बस," एवढंच म्हणाले.

संग्रामनं अट परत घातली.

वर्षभरानं त्यानं केंद्र सोडलं, पण ते मुंबईत चांगली नोकरी लागली म्हणून. निरोपाच्या दिवशी उदयसिंहांनी चारचौघांत त्याच्या प्रोग्रामचं तोंडभरून कौतुक केलं. तो खाली मान घालून ऐकत राहिला. यशोधराचं पुढं काय झालं, हे कुणाला विचारायची त्याची छाती कधी झाली नाही. सुट्टीला घरी आल्यावर गडमुडशिंगीची बस समोरून आली, की तो रस्त्याकडे पाठ करून उभा राही.