व्हॅनला मुशीचे तेल

धाकटी डहाणूच्या जयवंतीबाईंनी आयुष्यात दोनच गोष्टी दुसऱ्यांच्या हाती सोपवल्या होत्या: होडी नवऱ्याच्या आणि व्हॅन पुतण्याच्या. अर्थात होडी कुठे न्यावी हे नवऱ्याला आणि व्हॅन कशी न्यावी हे नितीनला त्याच सांगत.

दर रविवारी ती जुनी व्हॅन सुक्या बोंबलांच्या टोपल्या आणि पाच विक्रेत्या बायका घेऊन तलासरीच्या बाजाराला जाई. एका रविवारी मात्र महामार्गाअलीकडच्या वळणावर तिची मागची बाजू अशी काही फेकली गेली, की टोपल्या कलंडल्या आणि त्यांच्यातली चंद्रा थेट शेजारच्या दक्षाच्या मांडीवर जाऊन आदळली.

"पुढच्या रविवारी आम्ही गावातल्या काकड्याच्या टेम्पोतून जाऊ, बाय," चंद्रा पदर सावरत म्हणाली. "तुमचा राग सोसू, पण हे झोके नाही सोसवत."

बाकीच्या चौघींनी माना डोलावल्या. पंधरा वर्षे आपल्या मागोमाग बाजारात उतरणाऱ्या बायका आता दुसऱ्याच्या गाडीतून उतरणार, हे चित्र जयवंतीबाईंच्या डोळ्यांपुढून काही केल्या हलेना. घरी येताच त्यांनी नितीनला फैलावर घेतले.

"तुझा हातच बिघडलाय."

"काकी, मी स्टीअरिंग वळवतो तेव्हा गाडी आधी विचार करते, मग वळते."

"विचार तू करत जा. ती माझी गाडी आहे, तिला वळण आहे."

तरीही गुरुवारी त्या स्वतः नितीनसह तलासरीला, महामार्गालगतच्या झिपरूच्या गॅरेजात गेल्या. झिपरू पूर्वेकडच्या डोंगरातला. पावसाळ्यात भात लावी आणि एरवी गाड्या दुरुस्त करी. त्याने व्हॅनचा मागचा कोपरा दोन्ही हातांनी दाबून सोडला. व्हॅन चार वेळा खालीवर झाली.

"शॉकअप संपले," तो म्हणाला आणि जॅक लावून खाली शिरला. बऱ्याच वेळाने बाहेर आला तो बोटे हुंगतच.

"आजी, खालून हे काय लावता?"

"मुशी माशाचं तेल," जयवंतीबाई ताठ मानेने उत्तरल्या. "पावसाळ्यात होडी किनाऱ्यावर ओढली की तिला चोपडतो, तसंच हिलाही. माझ्या सासऱ्यांची रीत आहे. बघ, खाऱ्या हवेत राहून कुठे गंज सापडतो का!"

"गंज नावाला नाही. स्प्रिंगचे पाटे नव्यासारखे आहेत." झिपरूने रबराची एक फुगलेली नळी त्यांच्या तळव्यावर ठेवली. "पण पाट्यांच्या टोकांना हे बुश असतात. पाटा जागच्या जागी धरून ठेवायचं काम यांचं. दाबून बघा."

त्यांनी दाबले. भिजलेल्या चिंचेसारखे रबर बोटांखाली खचले.

"लाकडाला तेल मानवतं, लोखंडाला मानवतं. रबर ते पितं, फुगतं आणि कामातून जातं. मग गाडी मागून पोहते. होडीला असं रबर कुठे असतं, आजी?"

नितीनने तोंड महामार्गाकडे वळवले. तो हसला असता तर त्याला चार शब्द सुनावता आले असते. तो हसला नाही, आणि तेच जयवंतीबाईंना जास्त लागले.

"सगळे बुश बदल," त्या म्हणाल्या. "शॉकअप दोन्ही बाजूंचे. एका बाजूला नवा, एका बाजूला जुना, असलं काही चालायचं नाही. आणि गाडी वर आहे तोवरच नट घट्ट आवळून टाक."

"मग तुम्ही पाना घ्या, मी बोंबील विकायला बसतो," झिपरू हसला. "आजी, शेवटचं आवळणं चाकं जमिनीला टेकल्यावर. गाडीचं वजन आल्यावर. अधांतरी आवळलं, तर रबर पहिल्या दिवसापासून पिळलेलं राहतं."

जयवंतीबाईंनी एक स्टूल ओढून मागच्या चाकासमोर मांडले. संध्याकाळपर्यंत त्या स्टुलावर बसून राहिल्या. झिपरूने चहा पुढे केला तेव्हा "साखर कमी आहे" एवढेच काय ते बोलल्या.

रविवारी सकाळी पाचही बायका टोपल्या घेऊन नाक्यावर उभ्या होत्या आणि काकड्याचा टेम्पो तयार होता. जयवंतीबाई व्हॅनमधून उतरल्या.

"नितीनचा हात चांगला आहे," त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "गाडीला तेल मी लावायला लावलं. तेलाने रबर गेलं. चूक माझी. आता बसा."

कोणी हलेना. या तोंडून असे काही ऐकण्याची सवयच कोणाला नव्हती.

"पुन्हा बोला की, बाय," चंद्रा म्हणाली. "दक्षाला नीट ऐकू नाही आलं."

"दक्षाला सगळं ऐकू येतं. टोपली आत ठेव."

दक्षा खुदकन हसली आणि पहिली चढली. तिच्यामागून तिघी चढल्या. चंद्रा मात्र मागच्या चाकाकडे वाकून पाहून आली, जणू तिला त्यातले कळत होते, आणि मग दाराशी बसली.

महामार्गाअलीकडचे ते वळण आले. व्हॅन किंचित कलली, लगेच सावरली आणि सरळ रेषेत धावू लागली. एकही टोपली सरकली नाही. जयवंतीबाईंनी मागे वळून पाहिले. चंद्रा तोंड उघडे टाकून गाढ झोपली होती.

"हळू बोल," त्या नितीनला दटावून म्हणाल्या.

नितीन एक अक्षरही बोलला नव्हता.