वाकड्या सीटची निळी सायकल

मी एक जुनी, बुटकी, निळी सायकल आहे आणि माझी सीट एका बाजूला कलंडलेली आहे. हसू नका, मित्रांनो. ती अशी का झाली ते ऐकलंत तर तुम्हीही तिला हात लावून नमस्कार कराल. आणि नेमकं तेच करू नका, एवढं सांगायलाच मी आज तोंड उघडलं आहे.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. आठवतो तो अमेरिकेतल्या ग्रीन बे गावातल्या दुकानाच्या काचेतून येणारा उन्हाचा पट्टा, आणि त्या काचेला नाक चिकटवून उभी असलेली लोरेट. कागदाच्या गिरणीत काम करणाऱ्या क्लेमंस जोसारची ती एकुलती एक लेक. तिच्या वाढदिवसाला तिच्या बाबांनी मला घरी आणलं. अंगणात मोठ्या हंड्यात बूया, म्हणजे आमच्याकडचा कोंबडीचा दाट रस्सा, रटरटत होता, पाहुणे वाडगे घेऊन उभे होते, आणि ही पोर जेवण सोडून माझ्यावर बसून गल्लीत गोल गोल फिरत होती. नदीवरून गार वारा येत होता. मला वाटलं, जगणं म्हणजे हेच असणार.

आमचं गाव लहान, पण फुटबॉलचा संघ मोठा. हा फुटबॉल हातात धरून पळायचा आणि अंगाला अंग भिडवून खेळायचा. संघाला कुणी शेठ नाही, गावकरीच मालक. रविवारी मॅच असली की पाद्रीबाबासुद्धा प्रवचन आटोपतं घेतात. आणि उन्हाळ्यात सराव सुरू झाला की पोरंटोरं आपापल्या सायकली घेऊन, खेळाडू कपडे बदलतात त्या इमारतीच्या दाराशी रांग लावतात. खेळाडू बाहेर येतात, एकेक सायकल निवडतात आणि तिच्यावर बसून मैदानाकडे जातात. ज्याची सायकल, ते पोर खेळाडूचं हेल्मेट छातीशी धरून शेजारून धावतं. ही आमच्याकडची रीतच आहे.

त्या सकाळी दांडग्या पोरांनी ढकलत ढकलत लोरेटला रांगेच्या शेपटाला नेऊन ठेवलं. चेंडू फेकणारे, चेंडू झेलणारे, नावाजलेले सगळे खेळाडू आले आणि पुढच्या सायकली घेऊन निघून गेले. सगळ्यात शेवटी दारातून वाकून बाहेर आला ऑरव्हिल टिब्स. दक्षिणेकडचा, अलाबामाचा गडी. समोरच्याला नुसतं अडवून धरायचं, हे त्याचं काम. त्यामुळे चेंडू कधी त्याच्या हाताला लागायचा नाही आणि त्याचं नाव कुणाच्या तोंडी नसायचं. तो उरला होता आणि आम्ही दोघी उरलो होतो.

"ए पोरी, ही सायकल आहे की किल्लीचं खेळणं?"

"बसायचं तर बसा, नाहीतर चालत जा," लोरेट म्हणाली. "मला काय!"

"अगं बाई, केवढा हा तोरा!" तो गडगडून हसला आणि बसला. माझ्या पोटात कर्र झालं आणि सीट कलंडली.

"मोडली का गं?" त्याचा चेहरा पार उतरला.

"मोडली नाही, वाकली. चालतंय. तुम्ही हेल्मेट द्या आधी."

त्याचे गुडघे कानाला लागत होते. लोक पोट धरधरून हसत होते. मी मात्र चालले, मित्रांनो! दोन्ही चाकं फुगवून, कुरकुरत, पण चालले. त्या उन्हाळ्यात तो रोज शेवटी बाहेर यायचा आणि रोज विचारायचा, "कुठाय माझी निळी घोडी?" रांग संपेपर्यंत लोरेट कुणालाही मला हात लावू द्यायची नाही. सराव संपला तेव्हा तो म्हणाला, "पुढच्या उन्हाळ्यात येशील ना पोरी? मी शेवटीच बाहेर येईन." लोरेटनं गळ्याची शपथ घेतली.

मग हिवाळा आला. भर बर्फात मोठी मॅच झाली. शेवटच्या क्षणी झोंबाझोंबीत चेंडू कुणाच्या तरी हातून सुटला. असा चेंडू जो धरेल त्याचा; ऑरव्हिल त्याच्यावर पालथा पडला. त्याच्या अंगावर दोन्हीकडची माणसं पडली, पण त्यानं चेंडू सोडला नाही. मॅच जिंकली! गाव नुसतं वेडं झालं. आणि क्लेमंस जोसार घरी आला तो डोळे पुसतच. मला फडक्यानं पुसलं, गॅरेजच्या भिंतीला दोन आकडे ठोकले आणि दोरानं मला उंच टांगून टाकलं.

"आता हिच्यावर कुणी बसायचं नाही. टिब्स बसलाय हिच्यावर! हा त्याचा मान आहे."

"पण बाबा, मी त्यांना कबूल केलंय."

"तुला नवी घेऊन देतो. ही नाही."

लोरेट ढसाढसा रडली. नवी सायकल आली, लाल, चकाकती. पण ती घेऊन लोरेट रांगेत कधी गेली नाही.

आता माझ्या वैभवाचे दिवस सुरू झाले, म्हणजे लोक त्याला वैभव म्हणत. रविवारी मॅचच्या आधी सगळे गॅरेजमध्ये यायचे, माझ्या वाकड्या सीटला हात लावायचे आणि मगच टीव्हीपुढे बसायचे. संघ हरला की क्लेमंस डाफरायचा, "आज कुणी हात लावला नव्हता, सांगा!" मग एखादा मेहुणा गुपचूप मान खाली घालायचा. हरण्याची वर्षं एकामागून एक आली, तरी माझ्यावरची श्रद्धा काही कमी झाली नाही. मला धूप तेवढा ओवाळायचा राहिला होता.

आणि माझे टायर भिंतीवरच विरत गेले. साखळी गंजली. हजार हात सीटला लागले, पण पायडलला एक पाय लागला नाही. मी डोळे मिटायचे. स्वप्नात गल्ली यायची. ओल्या रस्त्यावर माझ्या चाकांची दुहेरी रेघ उमटायची, मेपलची पानं काड्यांमध्ये अडकून फडफडायची आणि शेजारी कुणीतरी हेल्मेट घेऊन धावत असायचं. चेहरा दिसायचा नाही, फक्त धापा ऐकू यायच्या. कधी फटीतून वारा शिरला की माझं पुढचं चाक आपोआप थोडंसं फिरायचं. तेवढ्यावर मी अख्खा हिवाळा काढायचे.

क्लेमंस गेला. लोरेटचे केस पिकले. तिचा मुलगा जेरार आजोबांपेक्षा कडक निघाला. आणि जेरारची मुलगी ओडील रोज माझ्याखाली उभी राहून एकच पालुपद लावायची, "बाबा, काढा ना हिला खाली. एकच चक्कर!"

"वेडी आहेस का? संघ बुडेल!"

अशातच गावातल्या एका मोठ्या खानावळीच्या मालकानं मला मागितलं. माझ्यासाठी काचेची पेटी करणार, वर दिवा लावणार, आणि ती कायमची बंद करून टाकणार. जेरारची छाती फुगली. माझ्या मात्र काळजाचं पाणी झालं. भिंतीवर निदान वारा तरी येत होता, पेटीत तोही येणार नव्हता. समारंभासाठी ऑरव्हिल टिब्सला बोलावलं होतं. तो आदल्या दिवशीच आमच्याकडे आला. हातात काठी, खांदे उतरलेले, पण दारातून अजून वाकूनच आत आला.

त्यानं मला वर टांगलेलं पाहिलं आणि तो हसला नाही.

"हे काय? ही इथे कधीपासून आहे?"

"तुम्ही तो चेंडू धरलात त्या हिवाळ्यापासून, साहेब," जेरार अभिमानानं म्हणाला. "त्यानंतर कुणाला बसू दिलं नाही. एकदाही नाही."

म्हातारा काठीवर भार देऊन लोरेटकडे वळला.

"पुढच्या उन्हाळ्यात मी दाराशी थांबलो होतो, पोरी. सगळे गेले तरी थांबलो. शेवटी चालत गेलो. मला वाटलं, सीट वाकवली म्हणून तू रागावलीस."

लोरेटनं तोंडाला पदर लावावा तसा हातरुमाल लावला. "मी घरी रडत बसले होते, काका. बाबांनी तुमच्या मानासाठीच टांगली होती हो हिला!"

"माझा मान?" तो हळूच म्हणाला. "अगं, या गावात माझ्याशी मोकळेपणानं बोलणारी तू पहिली होतीस. मला तेवढंच हवं होतं."

जेरारनं एकदा आजोबांनी ठोकलेल्या आकड्यांकडे पाहिलं, मग स्वतःच शिडी लावली. दोर इतका ताठला होता की सुरीनं कापावा लागला. "खानावळवाल्याला काय सांगू?" तो पुटपुटला.

"सांग, सायकल कामात आहे," लोरेट म्हणाली.

टायर नवे आले, साखळीला तेल मिळालं. सीट तेवढी कुणी सरळ केली नाही, ऑरव्हिलनंच करू दिली नाही. संध्याकाळच्या उन्हात ओडील माझ्यावर बसली. किती हलकी होती पोर! चिमणीच बसली जणू.

"अगं, हेल्मेट घाल!" जेरार ओरडला.

"अहो बाबा, रीत आहे ना!" तिनं आपलं जांभळं हेल्मेट काढून ऑरव्हिलच्या हातात दिलं. "जो बसतो त्यानं धरायचं नसतं. धरा काका, आणि खाली टाकू नका."

"केवढा हा तोरा!" म्हातारा म्हणाला.

मी निघाले, मित्रांनो. अगदी सावकाश, कारण शेजारी काठी टेकत तो चालत होता, ते एवढंसं हेल्मेट दुसऱ्या हातानं छातीशी धरायची धडपड करत. मला त्याच्या धापा ऐकू येत होत्या. या वेळी चेहराही दिसत होता.

आता मॅचच्या दिवशी सीटला हात लावायला जेरार मला गल्लीभर शोधत पळतो आणि मी काही त्याला सापडत नाही. मित्रांनो, ज्याच्यावर तुमचा जीव आहे ते भिंतीवर टांगून ठेवू नका. त्याला तेल घाला, हवा भरा आणि बाहेर काढा. दाराशी कुणीतरी त्याची वाट पाहत थांबलेलं असतं.